सिरियल पोर्ट जुळत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत मी मशीनला कॉम्प्युटर जोडून देण्याचं काम करतो. व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन), लेथ, वजनकाटे, वीजमीटर, भट्टीचे कंट्रोलर, सिरियल पोर्टवरून, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणाऱ्या जोडणीवरून, बोलणारं जे काही असेल ते सगळं. फोनवर रोज येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत शेठ आहेत, रात्रपाळीचे ऑपरेटर आहेत, आयटीआय करून नुकतीच कामाला लागलेली मुलं-मुली आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांना कोणीतरी सांगितलेलं असतं, "सेटिंग बदलत राहा, कधीतरी लागेल." कृपा करून तसं करू नका. स्क्रीनवर जो कचरा दिसतो त्यातूनच कुठली सेटिंग चुकली ते बहुतेक वेळा कळतं. तो कचरा कसा वाचायचा, हेच या पानावर मुख्यतः सांगायचं आहे.

आता सगळं यूएसबी आणि वाय-फायवर चालतं. ही जुनी सेटिंग शिकायची कशाला?

कारण मशीन पंचवीस वर्षं चालते आणि लॅपटॉप पाच. सिरियल पोर्टचं आरएस-२३२ हे मानक १९६० सालचं, त्याची सर्वांत गाजलेली 'सी' आवृत्ती १९६९ ची. तरी आजही शेडमध्ये उभ्या असलेल्या कितीतरी मशीनना प्रोग्राम त्याच वाटेने जातो. नव्या लॅपटॉपला नऊ पिनांचा पोर्ट नसतो म्हणून आपण यूएसबी कन्व्हर्टर लावतो. पण कन्व्हर्टरच्या पलीकडची तार तीच आणि तिच्या सेटिंगही त्याच. कन्व्हर्टर बॉड रेट स्वतः ओळखत नाही. तो तुम्हालाच सांगावा लागतो.

बॉड रेट, डेटा बिट, पॅरिटी, स्टॉप बिट म्हणजे नक्की काय?

एकच अक्षर घेऊन बघू. इंग्रजी कॅपिटल 'ए'. आस्की कोडमध्ये, म्हणजे अक्षरांना नंबर देणाऱ्या यादीत, त्याचा नंबर ६५, म्हणजे सात बिटांत १०००००१.

तार रिकामी असते तेव्हा तिच्यावर ऋण व्होल्टेज असतं. अक्षर निघायच्या आधी ते एका बिटापुरतं धन होतं. हा स्टार्ट बिट, "येतोय, लक्ष दे" अशी हाक. मग अक्षराचे बिट, म्हणजे डेटा बिट, एकेक करून जातात, उजवीकडचा बिट आधी. आरएस-२३२ मध्ये १ म्हणजे ऋण (उणे ३ ते उणे १५ व्होल्ट) आणि ० म्हणजे धन (अधिक ३ ते अधिक १५). हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटं वाटतं, पण आहे तसंच. सात बिट गेले की पॅरिटीचा बिट, वाटेत अक्षर बिघडलं का ते पकडायला. इव्हन पॅरिटी असेल तर एकूण १ ची संख्या सम व्हायला हवी, ऑड असेल तर विषम. 'ए' मध्ये १ दोनदा आहे, म्हणजे आधीच सम, म्हणून पॅरिटी ०. शेवटी स्टॉप बिट, म्हणजे तार पुन्हा ऋण. पुढच्या अक्षराआधी घेतलेला श्वास म्हणा.

बॉड रेट म्हणजे हे बिट किती वेगाने जातात. ९६०० ला एक बिट साधारण १०४ मायक्रोसेकंद टिकतो. एमिल बोदो नावाच्या फ्रेंच तारयंत्र इंजिनिअरच्या नावावरून हा शब्द आला.

या सगळ्यात वेळ सांगणारी वेगळी तार नाही. ऐकणारा स्टार्ट बिट पाहून स्वतःचं घड्याळ सुरू करतो आणि प्रत्येक बिटाच्या मध्यावर तार तपासतो. म्हणून दोन्ही बाजूंना आकडे तेच हवेत. "कुठला बॉड रेट चांगला?" असं विचारतात त्यांना मी एकच सांगतो: जो समोरच्या मशीनवर आहे तो.

स्क्रीनवर नुसता कचरा येतोय. सुरुवात कुठून करू?

आधी थांबा आणि कचरा नीट बघा. सगळंच बिघडलंय, की काही अक्षरं बरोबर येतायत?

सगळंच बिघडलं असेल, एकही अक्षर ओळखू येत नसेल, तर बॉड रेटवर संशय घ्या. त्यातही मोजून बघा. समोरून एक अक्षर पाठवलं आणि तुमच्याकडे दोन-तीन उमटली, तर तुमचा वेग जास्त आहे. समोरून चार-पाच गेली आणि तुमच्याकडे एखाद-दुसरंच आलं, तर तुमचा वेग कमी आहे. मग १२००, २४००, ४८००, ९६००, १९२०० या पायऱ्यांवर त्या दिशेने एकेक पाऊल सरका.

काही अक्षरं बरोबर आणि काही चूक येत असतील तर बॉड रेटला हातही लावू नका. तो बरोबरच आहे, नाहीतर एकही अक्षर नीट आलं नसतं. चूक डेटा बिट आणि पॅरिटीत आहे. समोरचा सात बिट आणि इव्हन पॅरिटी पाठवतोय आणि तुम्ही आठ बिट, पॅरिटी नन (म्हणजे पॅरिटीच नाही) लावून ऐकताय, असं झालं की त्याचा पॅरिटी बिट तुम्हाला आठवा डेटा बिट वाटतो. ज्या अक्षरांत पॅरिटी ० येते ती जशीच्या तशी दिसतात, ज्यांत १ येते ती बिघडतात. आकड्यांचं गणित मी एकदा बसून करून ठेवलं, तेव्हापासून ते पाठ आहे:

०, ३, ५, ६, ९ बरोबर येतात आणि १, २, ४, ७, ८ बिघडतात, तर समोर सात बिट, इव्हन.

१, २, ४, ७, ८ बरोबर येतात आणि ०, ३, ५, ६, ९ बिघडतात, तर समोर सात बिट, ऑड.

हे मला एका वे-ब्रिजने, म्हणजे गाड्या तोलणाऱ्या काट्याने, शिकवलं. हायवेवर पोर गावाच्या बाजूला एका गोदामात कॉम्प्युटर बदलल्यापासून तक्रार होती की काटा कधी बरोबर दाखवतो, कधी चौकोन. मी जाईपर्यंत लोड सेल (काट्यातला वजन मोजणारा भाग) बदलायचं ठरत आलं होतं. काट्यावर बसणाऱ्या काकांनी एका वहीत कुठलं वजन चुकलं आणि कुठलं बरोबर आलं ते लिहून ठेवलं होतं. त्यांचे उपकार मानतो, कारण उत्तर त्या वहीतच होतं. ३५६० किलो आलं की स्क्रीनवर स्वच्छ ३५६०. १२४७० आलं की चार चौकोन आणि शेवटी एक शून्य. दिवसाला पन्नास गाड्या, पन्नास वेगळी वजनं, म्हणून सगळ्यांना वाटायचं की काटाच लहरी झालाय. कॉम्प्युटरवर आठ-नन काढून सात-इव्हन केलं आणि काम झालं. लोड सेल ठणठणीत होता.

तुम्हीही हेच करा. ० ते ९ सगळे आकडे समोरून पाठवा आणि कुठले पाच टिकतात ते बघा.

काहीच येत नाही. कचरासुद्धा नाही.

मग अजून सेटिंगचा प्रश्नच आलेला नाही. वाट बंद आहे. चुकीच्या सेटिंगला निदान कचरा तरी येतो.

पहिली चाचणी तुमच्याच बाजूची. केबल मशीनपासून काढा. कॉम्प्युटरच्या नऊ पिनी टोकावर २ आणि ३ नंबरच्या पिना एका वायरच्या तुकड्याने शॉर्ट करा, फ्लो कंट्रोल (त्याबद्दल पुढे आहे) नन ठेवा आणि टर्मिनलमध्ये, म्हणजे पोर्टवर अक्षरं पाठवणाऱ्या आणि आलेली दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, टाइप करा. जे टाइप केलं ते स्क्रीनवर दिसलं तर पोर्ट, ड्रायव्हर, कन्व्हर्टर, सॉफ्टवेअर सगळं ठीक आहे. वायर काढली की अक्षरं थांबली पाहिजेत. थांबली नाहीत तर ते नुसतं लोकल एको आहे, म्हणजे टाइप केलेलं सॉफ्टवेअर स्वतःच दाखवतंय, त्याला फसू नका.

दुसरी चाचणी मल्टिमीटरची. मशीन चालू ठेवून तिच्या पोर्टवर ग्राउंड पिन आणि बाकी पिना यांच्यात डीसी व्होल्टेज मोजा. जी पिन पाठवते तिच्यावर रिकाम्या वेळी उणे ५ ते उणे १२ व्होल्टच्या आसपास दिसतं. जी ऐकते ती शून्याजवळ. केबलच्या कॉम्प्युटरकडच्या टोकावरही तसंच मोजा. पाठवणाऱ्यासमोर ऐकणारा यायला हवा. दोघांच्या पाठवणाऱ्या पिना एकमेकींना जोडल्या असतील तर जन्मभर काही येणार नाही.

तिसरी गोष्ट, काही काटे आणि मीटर विचारल्याशिवाय बोलतच नाहीत. काट्यावर प्रिंटची कळ दाबून बघा.

केबल कशी बांधायची? प्रत्येकजण वेगळं सांगतो.

वेगळं सांगतात कारण नऊ पिनी आणि पंचवीस पिनी कनेक्टरवर नंबर उलटे आहेत. कॉम्प्युटरच्या नऊ पिनी पोर्टवर २ ऐकते, ३ पाठवते, ५ ग्राउंड. मशीनच्या पंचवीस पिनी पोर्टवर बहुतेक वेळा २ पाठवते, ३ ऐकते, ७ ग्राउंड.

म्हणून नऊ ते पंचवीस केबलमध्ये २ ला २, ३ ला ३, आणि ५ ला ७. नंबर सरळ दिसतात, पण काम क्रॉसचं होतं. नऊ ते नऊ असेल तर २ ला ३, ३ ला २, ५ ला ५.

सीएनसीसाठी (प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनसाठी) तीन तारांची केबल बांधताना मशीनकडच्या टोकात ४-५ शॉर्ट आणि ६-८-२० शॉर्ट करा. कॉम्प्युटरकडे ७-८ शॉर्ट आणि १-४-६ शॉर्ट. हे जंपर घातले नाहीत तर मशीन समोरचा तयार आहे की नाही याची वाट बघत बसते. एक गोष्ट मात्र नक्की सांभाळा. फॅनुक या कंपनीच्या सीएनसी कंट्रोलच्या पंचवीस पिनी पोर्टात २५ नंबरच्या पिनवर २४ व्होल्ट असू शकतात. बाजारात मिळणारी, सगळ्या पिना सरळ जोडलेली तयार केबल तिथे लावू नका. तीन तारा स्वतः सोल्डर करा, अर्ध्या तासाचं काम आहे.

कॉम नंबर कुठे बघायचा? काल चालत होतं, आज पोर्ट सापडत नाही.

कॉम नंबर म्हणजे विंडोजने पोर्टला दिलेला नंबर. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा, त्यात 'पोर्ट्स' खाली बघा. कन्व्हर्टर काढा, नाव जाईल. पुन्हा लावा, नाव येईल. तोच तुमचा.

काल-आजचा फरक बहुतेक वेळा इतकाच असतो की कन्व्हर्टर यूएसबीच्या दुसऱ्या खाचेत लागला आणि विंडोजने त्याला नवा नंबर दिला. खाच ठरवून घ्या, तिच्याशेजारी रंगाचा ठिपका द्या. काही जुन्या सॉफ्टवेअरना कॉम ९ च्या पुढचे पोर्ट दिसत नाहीत. नंबर १४ वगैरे झाला असेल तर पोर्टच्या प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट सेटिंग्ज, मग ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन तो ९ च्या आत आणा. तिथेच पॉवर मॅनेजमेंटचा भाग दिसला तर वीज वाचवण्यासाठी हे बंद करण्याची परवानगी काढून टाका. रात्री लांबलचक प्रोग्राम चालू असताना लॅपटॉप झोपला की काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना मी वेगळं सांगायला नको.

प्रॉपर्टीजमध्येही बॉड रेट लिहिलेला असतो. टर्मिनल सॉफ्टवेअर सुरू होताना बहुधा स्वतःचा लावतं, म्हणून खरी सेटिंग सॉफ्टवेअरमधली.

कुठलं सॉफ्टवेअर वापरू?

हायपरटर्मिनल विंडोज एक्सपीपर्यंत सोबत यायचं, व्हिस्टापासून ते गेलं. नुसतं बघायला आणि टाइप करायला पुट्टी पुरेसं आहे. फाइल पाठवायची तर टेरा टर्म घ्या, पुट्टीत सिरियलवर फाइल पाठवायची सोय नाही. दोन्ही फुकट आहेत.

हे मराठीत लिहून काय फायदा? शब्द तर सगळे इंग्रजीच आहेत.

शब्द इंग्रजी असू देत, समजूत आपल्या भाषेत होते. याच शहरात १८९० साली सयाजीराव महाराजांच्या राज्यात कलाभवन सुरू झालं. रंगकाम, यंत्रकाम लोकांच्या भाषेत शिकवायचं, हा त्रिभुवनदास गज्जरांचा ध्यास होता. दांडिया बाजारातून स्कूटरवर कलाभवनाजवळून जाताना मला ते रोज आठवतं. इंग्रजी मॅन्युअल समोर असूनही न वाचणारा ऑपरेटर ही गोष्ट बोलीभाषेत एकदा ऐकतो आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला शिकवतो, हे मी पाहिलंय.

फ्लो कंट्रोल नन ठेवला तर काय बिघडतं? माझा प्रोग्राम तर जातो.

छोटा प्रोग्राम जातो. तिथेच माणूस फसतो.

मशीनकडे आलेली अक्षरं ठेवायला थोडीशी जागा असते, तिला बफर म्हणतात. जागा भरत आली की मशीन "थांब" म्हणते, रिकामी झाली की "पाठव". सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोलमध्ये हे दोन निरोप अक्षरांच्याच रूपात जातात. एक्स-ऑफ म्हणजे आस्की १९, एक्स-ऑन म्हणजे आस्की १७. कीबोर्डवर तेच कंट्रोल-एस आणि कंट्रोल-क्यू. नन ठेवलं की कॉम्प्युटर "थांब" ऐकतच नाही, ओतत राहतो. प्रोग्राम बफरएवढा छोटा असेल तर काही कळत नाही.

कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या हातून हे झालंय. प्लॅस्टिकच्या साच्याचं काम, जुना कंट्रोल, रात्रभर चालणारा प्रोग्राम. मी चाचणीला पंधरा ओळी पाठवल्या, गेल्या. फ्लो कंट्रोल ननवरच ठेवून घरी गेलो. सकाळी सहाला फोन आला. त्या कंट्रोलने अलार्म न देता मधली अक्षरं गिळली होती, एका ओळीतलं उणे चिन्ह त्यात गेलं आणि टूल साच्याच्या भिंतीत घुसलं. सहा तासांचं फिनिशिंग आणि ठोकळा दोन्ही वाया. पॅरिटीने हे पकडलं नाही, कारण पॅरिटी बिघडलेलं अक्षर पकडते, हरवलेलं नाही. त्या दिवसापासून चाचणीला मी कायम मोठी फाइल पाठवतो आणि मशीन मुद्दाम थांबवून कॉम्प्युटरही थांबतोय का ते बघतो.

तीन तारांची केबल असेल तर एक्स-ऑन, एक्स-ऑफच लावा. हार्डवेअर फ्लो कंट्रोल, म्हणजे आरटीएस-सीटीएस, हवं असेल तर त्या तारा खरोखर जोडलेल्या हव्यात. जंपर घातलेल्या केबलवर ते लावलं तर समोरचा कायम "पाठव" म्हणतोय असंच दिसत राहतं.

जाता जाता एक. टर्मिनल अचानक गोठलं, काहीच टाइप होत नाही, तर आधी कंट्रोल-क्यू दाबून बघा. सेव्ह करायच्या सवयीने कोणीतरी कंट्रोल-एस दाबलेलं असतं.

फॅनुक कंट्रोलवर सेटिंग कुठे असते?

मॉडेलप्रमाणे थोडा फरक पडतो, पण झिरो-आय मालिकेत पॅरामीटर (कंट्रोलच्या आतल्या नंबर दिलेल्या सेटिंग) २० मध्ये आय-ओ चॅनेल, म्हणजे डेटा कुठल्या वाटेने ये-जा करतो ते, ठरतं. तिथे ० असेल तर १०१, १०२, १०३ हे तीन पॅरामीटर बघा. १०१ च्या पहिल्या, म्हणजे शून्य क्रमांकाच्या बिटावर स्टॉप बिट ठरतो: ० म्हणजे एक, १ म्हणजे दोन. १०३ मध्ये बॉड रेटचा कोड असतो: १० म्हणजे ४८००, ११ म्हणजे ९६००, १२ म्हणजे १९२००. तिथे ९६०० असा आकडा शोधत बसू नका. कॉम्प्युटरवर साधारणपणे सात डेटा बिट, इव्हन पॅरिटी, दोन स्टॉप बिट आणि एक्स-ऑन, एक्स-ऑफ.

बदलण्याआधी जुने आकडे कागदावर उतरवा. मशीन एमडीआयवर (हाताने आदेश टाइप करायच्या मोडवर) घेऊन पॅरामीटर राइट १ करा, अलार्म १०० येईल, घाबरू नका. काम झालं की परत ० करा.

अलार्म नीट वाचा. ०८५ म्हणजे अक्षरं आली पण बिघडलेली, तेव्हा बॉड रेट, पॅरिटी, स्टॉप बिट बघा. ०८६ म्हणजे समोरचा तयार असल्याची खूण नाही, तेव्हा केबल आणि जंपर. ०८७ म्हणजे बफर भरून वाहिला, तेव्हा फ्लो कंट्रोल. हे तीन नंबर ऑपरेटरला पाठ असले तर मला निम्मे फोन येणार नाहीत.

काही अलार्म नाही पण प्रोग्रामही शिरत नाही, अशा वेळी फाइल उघडून बघा. सुरुवातीला आणि शेवटी टक्क्याचं चिन्ह आहे ना?

ड्रिप फीडवर (प्रोग्राम थोडा थोडा पाठवत काम चालू असताना) मशीन अडखळत चालते, जॉबवर खुणा पडतात. मशीन खराब झाली का?

बहुधा नाही. गणित करा. सात बिट, पॅरिटी, दोन स्टॉप आणि स्टार्ट मिळून एका अक्षराला ११ बिट. ९६०० ला सेकंदाला जेमतेम ८७२ अक्षरं. एक्स, वाय, झेड तिन्ही असलेली एक ओळ साधारण २४ अक्षरांची, म्हणजे सेकंदाला ३६ ओळी. कॅमवाल्याने (कॉम्प्युटरवर मशीनचा प्रोग्राम काढून देणाऱ्याने) प्रत्येक ओळ ०.१ मिलिमीटरची काढली असेल तर सेकंदाला ३.६ मिलिमीटर, मिनिटाला साधारण २१६. तुम्ही फीड, म्हणजे टूल सरकायचा वेग, हजार दिला आहे. मशीन ओळ संपवते आणि पुढचीची वाट बघते, त्या थांबण्याची खूण जॉबवर उमटते.

कंट्रोल घेत असेल तर वेग ३८४०० करा, चौपट मिळेल. नाहीतर कॅममध्ये टॉलरन्स किंचित सैल करा, ओळींचे नंबर काढून टाका, रिकाम्या जागा काढून टाका. नुसत्या ओळींच्या नंबरांत प्रत्येक ओळीमागे पाच-सहा अक्षरं जातात.

अक्षरं दोनदा उमटतात. किंवा ओळी जिन्यासारख्या उजवीकडे सरकत जातात.

दोनदा उमटणं म्हणजे समोरचाही परत पाठवतोय आणि तुमचं लोकल एकोही चालू आहे. एक बंद करा. काहीच दिसत नाही पण काम होतंय, तर लोकल एको चालू करा.

जिना होतो कारण फक्त लाइन फीड (१०) येतंय, कॅरेज रिटर्न (१३) नाही. एकच ओळ स्वतःवर पुन्हा पुन्हा उमटत असेल तर उलट. टर्मिनलमध्ये दोन्हीसाठी सोय असते. पण आधी वरची आकड्यांची चाचणी करा, कारण सात-इव्हन आणि आठ-ननच्या घोळात १३ बिघडतं आणि १० शाबूत राहतं, त्यानेही जिनाच दिसतो.

आरएस-४८५ वर मीटर जोडलेत. काही बोलतात, काही नाही.

आरएस-२३२ दोघांतलं बोलणं आहे, जुन्या मानकाप्रमाणे ५० फूट, म्हणजे १५ मीटरपर्यंत. आरएस-४८५ दोन तारांवर अनेकांचं, १२०० मीटरपर्यंत आणि साध्या हिशेबाने ३२ उपकरणं. म्हणून शेडमधल्या मीटरना तेच लागतं.

तार एका मीटरवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अशी ओवत न्या. एका जागेवरून चार दिशांना फाटे काढू नका. दोन्ही टोकांना, फक्त टोकांना, १२० ओहमचा रेझिस्टर. वीज बंद करून दोन तारांमध्ये मोजा, ६० च्या आसपास दिसलं पाहिजे. १२० दिसलं तर एक टोक राहिलंय. ४० दिसलं तर कोणीतरी मध्ये तिसरा घातलाय. ए आणि बी ही नावं सगळे कारखानदार एकाच अर्थाने वापरत नाहीत, म्हणून मीटर बोलत नसेल तर त्याच्या दोन तारा बदलून बघायला हरकत नाही.

बरेचसे मीटर मॉडबस बोलतात. मोडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये काढलेली ही पद्धत. प्रत्येक मीटरला १ ते २४७ मधला वेगळा पत्ता हवा. नवे मीटर बहुधा १ घेऊनच येतात, त्यामुळे दोन नवे एकदम जोडले की दोघेही एकाच वेळी उत्तर देतात आणि कोणाचंच ऐकू येत नाही. एकेक जोडा, पत्ता द्या, मग पुढचा. मॉडबसच्या मानकात मूळ पॅरिटी इव्हन आहे आणि पॅरिटी नसेल तर दोन स्टॉप बिट. प्रत्यक्षात आठ-नन-एक लावलेले मीटर भरपूर सापडतात, म्हणून मीटरच्या मेनूत जाऊन बघा.

सिरियलवर मराठी मजकूर पाठवता येतो का?

येतो, पण आठ डेटा बिट हवेत. सात बिटांत देवनागरी बसत नाही. आजच्या रूढ यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. 'बडोदा' या शब्दात ब, ड, ओकार, द, काना अशी पाच चिन्हं, म्हणजे १५ बाइट. भारतीय लिपींसाठीच्या १९९१ च्या इस्की मानकात हेच पाच बाइटमध्ये जायचं. दोन्ही टोकांना एकच पद्धत निवडलेली हवी. सीएनसीच्या प्रोग्राममध्ये मात्र शेऱ्यातही देवनागरी लिहू नका, कंट्रोल ते घेत नाही.

पोर्ट सारखा जळतो. कन्व्हर्टर बदलून थकलो.

कन्व्हर्टरचा दोष क्वचितच असतो. कॉम्प्युटरला नीट अर्थिंग नसेल तर त्याच्या पत्र्यावर शंभरेक व्होल्ट एसी तरंगत असतात. हात लावल्यावर मुंग्या येतात त्या त्याच. मशीन अर्थ केलेली असते. केबल जोडताक्षणी तो फरक तुमच्या ५ नंबरच्या पिनमधून वाट काढतो.

केबल लावण्याआधी कॉम्प्युटरचा पत्रा आणि मशीनचा पत्रा यांच्यात एसी व्होल्टेज मोजा. एक-दोन व्होल्टपेक्षा जास्त असेल तर जोडू नका, आधी अर्थिंग करून घ्या. दोघांना वीज एकाच बोर्डवरून द्या. दोन्ही बंद करून केबल लावा, मग चालू करा. ऑप्टो आयसोलेटर, म्हणजे निरोप प्रकाशातून पुढे देऊन दोन्हीकडची वीज वेगळी ठेवणारा भाग, लावला तर उत्तमच. केबल ड्राइव्हच्या आणि स्पिंडलच्या तारांबरोबर एकाच नळीतून नेऊ नका. आणि छोट्या कंट्रोलर बोर्डांवरच्या ३.३ किंवा ५ व्होल्टच्या पिनांना आरएस-२३२ थेट लावू नका. त्या बोर्डाला उणे १२ व्होल्ट सोसत नाहीत.

प्रोग्राम तर पेन ड्राइव्हवर आहेत. मग सिरियलने बॅकअप कशाचा घ्यायचा?

पॅरामीटरचा. प्रोग्राम पुन्हा काढता येतो, पॅरामीटर गेले तर मशीनला स्वतःची ओळखच राहत नाही. अनेक जुन्या कंट्रोलमध्ये ते बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत असतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला, शहराच्या मोठ्या भागात पाणी शिरलं, वीज गेली. त्यानंतर मला दोन मशीन अशा भेटल्या ज्यांना पाण्याचा थेंबही लागला नव्हता, पण दमलेली बॅटरी बंद काळात संपली आणि मेमरी कोरी झाली. एकीचा बॅकअप होता, ती चार वाजेपर्यंत पुन्हा जॉब काढायला लागली. दुसरीचा नव्हता. ती उभी राहायला आठवडे लागले आणि त्या शेडमधल्या पाच माणसांच्या पगाराचा प्रश्न झाला.

स्क्रीनवर बॅटरीची सूचना लुकलुकायला लागली की त्याच आठवड्यात बदला, आणि बदलताना कंट्रोल चालू ठेवा. आजच पॅरामीटर बाहेर काढा. कॉम्प्युटर आधी ऐकायला बसवायचा, मग मशीनवर पंच (डेटा बाहेर पाठवायची कळ) दाबायचं, हा क्रम लक्षात ठेवा.

सेटिंग लिहून कुठे ठेवायची?

मोबाइलमध्ये नको, तो माणसाबरोबर नोकरी सोडून जातो. मी प्रत्येक मशीनला एक चिठ्ठी लावतो. माझ्याकडच्या एकीवरचा मजकूर असा:

व्हीएमसी ३. कॉम ४, निळा ठिपका. ४८००, ७, इव्हन, २. एक्स-ऑन, एक्स-ऑफ. केबल २-२, ३-३, ५-७, दोन्हीकडे जंपर. आय-ओ चॅनेल ०. पॅरामीटर १०३ मध्ये १०. खाली शेवटचा बदल कधी आणि कोणी केला.

चिठ्ठी पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला, रुंद पारदर्शक टेपखाली. बाहेर लावली तर कूलंटने महिन्याभरात शाई जाते.